लिंक्डइन : ओळखीची पेढी

गणपती उठून आठ दिवस झाले होते. साल २०२३. साहेबांनी मला आपल्या खोलीत बोलावले, बसा म्हटले आणि चहा मागवला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन्ही वेळा मला बढती मिळाली होती. या खेपेला मात्र चहा निवायच्या आत मला कळले की, भोसरीचा आमचा कारखाना परराज्यात हलायचा आहे आणि खरेदी खात्यातल्या आम्हा अकरा जणांपैकी कुणालाही बरोबर न्यायचे नाही. हिशेब चोख मिळणार होता. तक्रारीला जागा नव्हती. फक्त माझे वय एक्कावन्न होते, घराचे हप्ते अजून सहा वर्षांचे राहिले होते आणि कन्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

सौ.ला त्याच रात्री सांगितले. अण्णांना, म्हणजे माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना, इतक्यात काही सांगायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले. त्यांचे हृदय नाजूक. तेव्हा रोज सकाळी मी नेमाने डबा घेऊन घराबाहेर पडू लागलो आणि शहरातल्या एका वाचनालयात जाऊन बसू लागलो. माझ्यासारखेच डबा घेऊन येणारे आणखी दोन गृहस्थ तिथे आहेत, हे चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आले. आम्ही एकमेकांच्या नजरेला नजर देत नसू.

असे आठवडाभर चालल्यावर एका रात्री कन्येने विचारले, “बाबा, तुमचं लिंक्डइन आहे का?”

वशिला की ओळख?

मी ते नाव ऐकून होतो. पण माझ्या मनात त्याविषयी एक अढी होती. आयुष्यात कधी कुणाचा वशिला लावला नाही, ही माझी मोठी घमेंड. आणि लिंक्डइन म्हणजे वशिल्याचाच नवा, तारेवरून चालणारा बाजार, असा माझा समज. “नोकरी मागत दारोदार हिंडायचं वय राहिलं नाही माझं,” मी म्हणालो. यावर सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, दारोदार कुठे? बसल्या जागी तर करायचंय!”

ज्या वाचकांचा या संकेतस्थळाशी संबंध आला नसेल, त्यांच्यासाठी थोडी माहिती सांगतो. लिंक्डइन म्हणजे नोकरी-धंद्यातल्या माणसांचे एकमेकांशी ओळख ठेवण्याचे ठिकाण. रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियात २००२ च्या डिसेंबरात ते स्थापन केले. ५ मे २००३ रोजी ते लोकांना खुले झाले. आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलर मोजून विकत घेतले. २०२३ च्या नोव्हेंबरापर्यंत त्याचे सभासद शंभर कोटींवर गेले होते. त्यांत दहा कोटींहून अधिक भारतातले. अमेरिकेच्या खालोखाल आपलाच नंबर. २०२४ सालापासून तिथल्या सूचना आणि रकाने मराठीतूनही पाहता येतात. इथे माणूस सहलीचे फोटो लावत नाही. शिक्षण काय झाले, कुठे-कुठे काम केले, काय येते, हे मांडून ठेवतो. जे थेट तुमच्या ओळखीचे ते पहिल्या पायरीवर, त्यांच्या ओळखीचे ते दुसऱ्या, आणि त्यांच्याही ओळखीचे ते तिसऱ्या. साधे खाते विनामूल्य असते. पैसे भरले की जादा सोयी मिळतात. मी मात्र अखेरपर्यंत एक पैसाही भरला नाही.

सोनूबाई आणि कथलाचा वाळा

कन्येने खाते उघडून दिले आणि ती अभ्यासाला गेली. पुढचा सगळा घोटाळा माझा एकट्याचा.

पहिली चूक फोटोची. मेहुणीच्या मुलाच्या लग्नातला, फेटा बांधलेला फोटो मी लावला. कारण त्यात मी बरा दिसतो. दुसरी चूक नावाखालच्या ओळीची. तिथे मी लिहिले, ‘नोकरीच्या शोधात असलेला अनुभवी, प्रामाणिक व कष्टाळू माणूस.’ आणि तिसरी चूक सर्वांत मोठी. एका रात्रीत मी सत्तर-ऐंशी अनोळखी साहेबलोकांना ओळखीची निमंत्रणे धाडली, आणि ज्यांनी ती स्वीकारली त्या प्रत्येकाला पाठोपाठ एकच छापील मजकूर पाठवला : ‘मान्यवर महोदय, सोबत माझी माहिती जोडली आहे, योग्य जागा असल्यास कळवावे.’ पी हळद नि हो गोरी, तशी माझी घाई! दोन महिने एकाचेही उत्तर आले नाही. पुढे समजले की, फार लोकांनी ‘आम्ही यांना ओळखत नाही’ असे कळवले, तर संकेतस्थळ आपल्यावर निमंत्रणांची बंदीही घालते.

डिसेंबरात माझ्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या एका मुलाने हे पान पाहिले. आता तो माणसे निवडण्याच्या खात्यात आहे. तो भिडस्तपणे म्हणाला, “सर, रागावणार नसाल तर सांगतो. आम्हाला माणूस हवा असला की आम्ही शोधाच्या चौकटीत कामाचं नाव टाकतो. ‘कष्टाळू’ असं टाकून आजवर कुणी कुणाला शोधलेलं नाही.”

मी खजील झालो. पण मुद्दा डोक्यात शिरला. त्या ओळीला २२० अक्षरांची जागा असते. ती मी पुन्हा लिहिली. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत मतलब असा : ‘खरेदी व पुरवठादार-विकास, ओतीव आणि यंत्रावर घडवलेले भाग, कोल्हापूर व पुणे परिसरातील फौंड्र्यांचा २६ वर्षांचा अनुभव.’ यात एकही विशेषण नाही, पण शोधणाऱ्याला लागणारा प्रत्येक शब्द आहे.

मग ‘माझ्याविषयी’ हा भाग. त्याला २,६०० अक्षरे मिळतात, पण पाहणाऱ्याला आधी पहिल्या काही ओळीच दिसतात. बाकीच्यासाठी त्याला कळ दाबावी लागते. म्हणून सांगण्यासारखे जे आहे ते वरच सांगावे. मी आधी लिहिले होते, ‘खरेदी विभागाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली.’ त्या मुलाने विचारले, “सांभाळली म्हणजे काय केलंत?” तेव्हा आठवून आठवून लिहिले : ‘तीन फौंड्र्यांबरोबर दोन वर्षे बसून नापास मालाचे प्रमाण शेकडा ७ वरून अडीचवर आणले.’ हे लिहिताना माझे मलाच बरे वाटले. दोन महिन्यांत प्रथमच, आपण काहीतरी काम केलेला माणूस आहोत, असे वाटले.

उलट टोकाची चूकही पाहिली. नावापुढे ‘द्रष्टा नेता’, ‘परिवर्तनाचा शिल्पकार’ अशा पदव्या, आणि खाली पाहावे तो वर्षाचा अनुभव. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आणि खोटी पदवी तर कधीच लिहू नये. इथले पान सगळे जग वाचते. त्यात आपले जुने सहकारीही असतात.

अण्णांची वही

पान सुधारले तरी वाचनालय सुटले नव्हते. संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी घरी आलो, तो अण्णा ओट्यावर ठेवलेल्या माझ्या डब्याकडे पाहून म्हणाले, “कारखाना कुठे हलला?”

मी हबकलो. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“अरे, कंपनीची बस तीन महिने कोपऱ्यावर थांबली नाही. मला दिसत नाही काय? तुझा डबा मात्र रोज जातो. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.”

तीन महिने त्यांना फसवत होतो असे मी समजत होतो आणि तीन महिने तेच मला सांभाळून घेत होते. मग सगळे सांगितले, लिंक्डइनचेही सांगितले. ते त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि कपाटातून एक जुनी वही आणायला लावली. ती मी लहानपणापासून पाहत आलो होतो. अण्णा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून. जिथे-जिथे बदली झाली तिथल्या माणसांचे पत्ते त्या वहीत : स्टेशनमास्तर, हमालांचा मुकादम, मनमाडचे घरमालक, भुसावळचा शिंपी. दर दिवाळीला अण्णा त्यांतल्या चाळीस-पन्नास जणांना पोस्टकार्डे टाकीत. चार ओळींची. आम्ही भावंडे हसत असू.

“यांच्याकडे कधी काही मागितलंत का, अण्णा?” मी विचारले.

“एकदाच. तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी. रक्त हवं होतं. त्या वेळी मनमाडहून दोघे आले.” मग थोडे थांबून म्हणाले, “काम पडल्यावर लिहितो तो अर्ज. काम नसताना लिहितो ते पत्र. तू तीन महिने नुसते अर्जच करतोयस.”

दूरच्या ओळखीचे गणित

अण्णांच्या या वहीचे शास्त्र एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फार पूर्वी मांडून ठेवले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा दूरच्या, सैल ओळखींच्या बळाविषयीचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या काही जणांना त्यांनी विचारले की, ज्याच्याकडून बातमी कळली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत असे? वरचेवर भेटणाऱ्यांकडून बातमी कळलेले शेकडा १७ च्या आसपास निघाले. बाकी सगळ्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली होती.

कारण विचार केला तर सोपे आहे. जिवलग मित्र, शेजारी, सोयरे हे आपल्याच वर्तुळातले; जे आपल्याला ठाऊक तेच त्यांना. दूरचा ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याजवळ वेगळी बातमी असते. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सभासदांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष आला, तोही याच अंगाचा. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडते ती मध्यम सैल ओळख. अगदी घरोब्याचीही नव्हे आणि अगदी परकीही नव्हे. काही माणसे दोघांच्याही ओळखीची आहेत, एवढी.

म्हणजे मी नेमके उलटे करीत होतो. ज्यांनी मला कधी पाहिले नाही अशा साहेबांना लिहीत होतो, आणि सव्वीस वर्षांत भेटलेले पुरवठादार, तपासनीस, वाहतूकवाले, पॉलिटेक्निकचे वर्गबंधू यांना विसरलो होतो. ते सगळे तिथेच होते. महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कोण कुठल्या गावी, कुठल्या कारखान्यात, कोणत्या कामावर आहे, ते तिथे गाळून पाहता येते. एका रविवारी मी आणि कन्येने मिळून साठ नावे काढली. अण्णा खुर्चीत बसून हे पाहत होते.

माफी आधी, मागणी नंतर

त्या साठ नावांतल्या एकापाशी माझा हात अडखळला. हा गृहस्थ कोल्हापूरच्या एका फौंड्रीत तपासनीस होता. नापास मालाच्या भांडणात पंधरा वर्षांपूर्वी आमची ओळख झाली, माणूस सरळ. २०२० च्या टाळेबंदीत त्याची नोकरी गेली आणि त्याने मला ईमेल धाडले होते : ‘साहेब, कुठे काही असल्यास कळवावे.’ मी ते वाचले होते. उद्या उत्तर देऊ म्हणालो होतो. ते उद्या कधी उगवले नाही. आता तो चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख होता, आणि गरजू मी होतो.

“कामापुरता मामा म्हणेल मला,” मी म्हणालो.

“म्हणेल,” अण्णा म्हणाले. “तरी लिही. फक्त माफी आणि मागणी एका पत्रात घालू नको.”

निमंत्रणासोबत छोटी चिठ्ठी जोडता येते. विनामूल्य खात्याला ती दोनशे अक्षरांचीच, आणि महिन्याला अशा चिठ्ठ्याही मोजक्याच. म्हणून त्या जपून वापराव्यात. मी लिहिले : ‘नमस्कार. २०२० साली तुमचे पत्र आले होते. मी उत्तर दिले नाही, ही माझी चूक. तुम्ही चाकणला चांगल्या जागी आहात हे पाहून आनंद झाला.’

पाचव्या दिवशी उत्तर आले. ‘साहेब, त्या वर्षी मी तीस जणांना लिहिलं होतं. दोघांची उत्तरं आली. उशिरा का होईना, तुमचं तिसरं.’

ते वाचून मला फार वेळ काही सुचले नाही.

बाकीच्यांनाही मी अशीच पत्रे घातली. प्रत्येकाला निराळे. कुठे भेटलो होतो याची आठवण, आणि विचारायचे असल्यास एखादी माहिती : तुमच्याकडे हल्ली ओतीव माल कुठून येतो, खरेदीचे काम कसे बदलले आहे. नोकरी कुणाजवळ पडलेली नसते, त्यामुळे ती मागितली की माणूस अवघडतो. माहिती मात्र आनंदाने देतो. साठांतल्या पस्तीस-चाळीस जणांनी उत्तरे दिली.

त्याच सुमारास मी आठवड्याला एक लहानसे टिपण लिहू लागलो. पहिले होते ‘स्वस्त ओतीव भाग महाग का पडतो’ यावर. किलोमागे चार रुपये वाचले म्हणून आपण खूश होतो. पण आतला ब्लोहोल यंत्रावर घडवून झाल्यावर दिसला, की घडवण्याची सगळी मजुरी भंगारात जाते. हे मला रोजचे. पण एका नवख्या मुलाने त्यावर तीन प्रश्न विचारले, मी उत्तरे दिली, आणि ती चाकणच्या त्या गृहस्थाने वाचली. मग त्यानेच विचारले, “साहेब, सध्या कुठे आहात?”

त्याच्याकडे जागा नव्हती. पण रांजणगावच्या एका लहान कारखान्याला कोल्हापूरच्या फौंड्र्या ठाऊक असलेला माणूस हवा होता, हे त्याला माहीत होते. त्या जागेची जाहिरात कुठेही आली नव्हती. दोन मुलाखती झाल्या. २०२४ च्या एप्रिलात मी रुजू झालो. पगार पूर्वीपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी आणि सकाळची बस साडेसहाची. तरी त्या पहिल्या सकाळी अण्णा कोपऱ्यापर्यंत आले होते, बस थांबते की नाही ते पाहायला.

सावध असावे

ओळखीच्या गर्दीत लबाडही असतात. मध्यंतरी मला आखातातल्या बड्या पगाराच्या जागेचा निरोप आला. मुलाखत नाही, चौकशी नाही. फक्त ‘नोंदणीपोटी’ साडेआठ हजार रुपये आधी भरायचे. मी भरणारच होतो, कन्येने हात धरला. प्रामाणिक मालक उमेदवाराकडून पैसे घेत नाही, एवढे एक वाक्य मनाशी पक्के असू द्यावे. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

घरचा पत्ता आणि जन्मतारीख पानावर उघडी टाकू नये. संकेतशब्दाबरोबर दुहेरी पडताळणी लावून ठेवावी. दुसऱ्याचे पान आपण उघडले, की बहुधा त्याला ते कळते; कळू नये असे वाटत असेल तर खासगी रीतीने पाहण्याची सोय आहे. ‘कामासाठी उपलब्ध’ ही खूण सर्वांना दाखवता येते किंवा फक्त माणसे निवडणाऱ्यांना. नोकरीत असताना ती लावणाऱ्याने जपून राहावे, कारण चालू मालकाला कळणारच नाही अशी पुरी हमी संकेतस्थळ देत नाही.

आणि भगिनींसाठी एक गोष्ट. माझी मेहुणी मुलांसाठी नऊ वर्षे घरी होती. ती नऊ वर्षे पानावर कशी दाखवावी, या संकोचाने ती खातेच उघडीत नव्हती. २०२२ सालापासून तिथे नोकरीतल्या खंडाचा स्वतंत्र रकाना आहे. मुलांचे संगोपन, आजारी माणसाची शुश्रूषा, शिक्षण असे कारण त्यात सरळ लिहिता येते. तिने लिहिले, खाली त्या काळात केलेला हिशेबाचा अभ्यासक्रमही लिहिला. आज ती दोन लहान दुकानांची जमाखर्चाची कामे घरून करते.

यंदाची पोस्टकार्डे

नोकरी लागल्यावर माझ्याही मनात आले होते, झाले काम, मिटा आता ते पान. गरज सरो, वैद्य मरो! पण अण्णांची वही आता माझ्या टेबलावर असते. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, अर्धा तास मी लिंक्डइनवर बसतो. कुणाला बढती मिळाली तर दोन ओळी लिहितो. कुणी काही विचारले तर सांगतो. आणि ‘कुठे काही असल्यास कळवावे’ असे पत्र आले, तर त्याच दिवशी उत्तर देतो. पुष्कळदा उत्तर एवढेच असते की, सध्या काही नाही, पण तुमचे नाव लक्षात ठेवले आहे. तेही खरोखरच लक्षात ठेवतो.

वाचनालयातल्या त्या दोघा गृहस्थांपैकी एकाला मागाहून मी शोधून काढले. आता आम्ही एकमेकांना पत्रे लिहितो. दुसऱ्याचे नाव विचारायचे मात्र राहून गेले.

वाचकहो, फराळाची ताटे उचलून झाली आणि घर जरा निवांत झाले, की फोन हातात घ्या. एखादा जुना सहकारी, एखादी मैत्रीण, पूर्वी कधी उत्तर द्यायचे राहिलेला एखादा माणूस आठवा, आणि चार ओळी लिहा. त्या पत्रात मागू मात्र काही नका.